काळी टीटी आणि छतातला चुना

फोनवर मालकांचं पहिलंच वाक्य होतं, "सिरॅमिक मारून घ्यायचंय, दिवाळीच्या आत होईल का?" सिरॅमिक म्हणजे रंगावर चढवायचं कडक संरक्षक कोटिंग. गाडी ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची, २०११ सालची, २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनाची. रंग फँटम ब्लॅक. त्यांनी ती दीड वर्षापूर्वी दुसऱ्या हाताने घेतली होती आणि बहुतेक शनिवार-रविवारीच काढत. मी गाड्यांचं डिटेलिंग करतो, म्हणजे रंगाचं पॉलिश आणि आतबाहेरची सखोल सफाई. गाडी पाहिल्याशिवाय मी दर सांगत नाही, त्यामुळे त्याच संध्याकाळी कोथरूडला त्यांच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गेलो.

ट्यूबलाइटच्या उजेडात काळी गाडी नेहमी चांगलीच दिसते. टॉर्च लावला आणि चित्र पालटलं. बॉनेट, दरवाजे, डिकी, सगळीकडे उजेडाभोवती फिरणारी बारीक चऱ्यांची जाळी. ती अपेक्षितच होती, काळ्या गाडीवर ती नसती तर मलाच शंका आली असती. पण टपाच्या उजव्या भागावर, मागच्या काचेवर आणि उजव्या मागच्या फेंडरवर दुसरंच काहीतरी होतं. पांढरे, खरखरीत, वर्तुळात वर्तुळ असलेले थेंब. बोट फिरवलं तर वाळूच्या कागदासारखं लागत होतं. मान वर केली. स्लॅबच्या सांध्यातून बोटभर लांबीचे पांढरे सुळके लोंबत होते.

"हे किती दिवसांपासून गळतंय?"

"पावसाळ्यात थोडं गळतं हो. पाणीच आहे ना."

ते नुसतं पाणी नव्हतं. काँक्रीटमधून झिरपताना पाणी सिमेंटमधला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सोबत घेऊन येतं. खाली पडते ती जवळजवळ चुन्याची निवळी, सामू बाराच्या आसपास. ती दोनदा मारते. ओली असताना तिचा अल्क हळूहळू क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खातो. वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तिचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि त्याची खपली रंगाला चिकटून बसते. खपली निघते. खाल्लेलं भरून येत नाही. मालकांना मी हे तिथेच सांगितलं, कारण पुढे तीन दिवसांनी सांगितलं असतं तर ती सबब वाटली असती.

आमचं बोलणं चालू असताना शेजारच्या पांढऱ्या गाडीचे मालक थांबले. त्यांच्या मते या टीटीचा मोठा अपघात झालेला होता. पुरावा म्हणून ते घरी जाऊन फ्रिजवरचा चुंबक घेऊन आले. दरवाजाला चुंबक चिकटला. बॉनेटला लावला, खाली पडला. टपाला लावला, पडला. "बघा, सगळी पुट्टी!" मालकांचा चेहरा उतरला. दीड वर्षात हा प्रयोग त्यांच्यासमोर पहिल्यांदाच झाला होता.

या पिढीच्या टीटीचा सांगाडा आणि पत्रा मिश्र आहे. वजनाने ६९ टक्के ॲल्युमिनियम, उरलेलं पोलाद. पोलाद मुख्यतः मागच्या बाजूला घातलंय, तळाचा मागचा भाग, दरवाजे आणि डिकीचं झाकण, म्हणजे गाडीचं वजन पुढे झुकत नाही. बॉनेट, टप, फेंडर ॲल्युमिनियमचे. चुंबक पडणारच. पुट्टीचं निदान फ्रिजच्या चुंबकाने करायचं तर आधी पत्रा कशाचा हे माहीत हवं.

हीच गोष्ट आमच्या धंद्यालाही लागू आहे. रंगाची जाडी मोजायचं स्वस्त गेज फक्त लोखंडावर चालतं. ते बॉनेटवर ठेवलं की काहीच दाखवत नाही, आणि पोरं समजतात की यंत्र बिघडलं. या गाडीला लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओळखणारं गेज लागतं. आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर दोन्ही निरुपयोगी. तिथे अल्ट्रासॉनिक हवं, नाहीतर हात हलका ठेवायचा. माझ्याकडे अल्ट्रासॉनिक नाही, त्यामुळे बंपरवर मी नेहमीच हात हलका ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी पुन्हा सोसायटीत गेलो. मालक झोपेतच होते. मला गाडी पुसणाऱ्या मामांना काम करताना बघायचं होतं. बावीस गाड्या, एक बादली, दोन फडकी, साडेसातच्या आत सगळं संपवायचं. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, मग ओल्याने पुसायचं. टीटीच्या आधी त्यांनी एक इनोव्हा पुसली, तिच्या चाकांवर आणि दरवाजांखाली लाल चिखल वाळलेला होता. तेच फडकं, तेच पाणी, आणि मग टीटीचं बॉनेट. गोल गोल, मनापासून, जोर लावून. पाणी बोअरवेलचं.

मामांवर मी चिडलो नाही. गाडीमागे महिन्याला सहाशे रुपये आणि गाडीला जेमतेम पाच मिनिटं, यात कोणीही असंच पुसेल. पण टीटीवरची जाळी रस्त्यावरून आलेली नव्हती, रोजच्या पुसण्यातून आली होती. दीड वर्षं रोज. मी पॉलिश करून गाडी परत दिली असती आणि पहाटेचं फडकं तसंच चालू राहिलं असतं, तर दिवाळीनंतर महिनाभरात सगळं होतं तसं झालं असतं. फक्त क्लिअर कोट थोडा कमी होऊन.

म्हणून मालकांना मी कोटिंगचा दर दिलाच नाही. तीन गोष्टी सांगितल्या. गाडीची जागा बदला. मामांना या गाडीला हात लावू नका सांगा, पैसे हवं तर चालू ठेवा. आणि सिरॅमिक आत्ता नको. त्यांना शेवटचं अजिबात पटलं नाही. "नऊ एच आहे म्हणतात, चरेच पडत नाहीत." नऊ एच हा पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाचा आकडा आहे, हिऱ्याच्या मापातला नाही. काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या त्या थरावर मातीचे कण घासले तर चरे पडतात. शिवाय कोटिंगवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, आणि छतातून चुना गळत असेल तर प्रत्येक थेंब जिथल्या तिथे वाळून आपलं वर्तुळ सोडतो. आधी गळती, मग कोटिंग. पॉलिशनंतर साधं सिंथेटिक सीलंट लावू, चार-सहा महिने पुरेल, एवढ्यावर ते तयार झाले. माझं या व्यवहारात नुकसान झालं हे मान्य. कोटिंगमध्ये मार्जिन जास्त असतं.

गाडी माझ्याकडे सोमवारी आली. पहिला अख्खा दिवस धुण्यात आणि मोजण्यात गेला, मशीन पिशवीतून बाहेरही काढलं नाही. फोम मारून दहा मिनिटं मुरवला, दोन बादल्यांनी धुतली, एकीत शॅम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. डिकीवरचा स्पॉयलर आतल्या बटणाने वर उचलला. तिथे कोणीच कधी उचलून बघत नाही, खाली दीड वर्षाचा काळा चिखल सापडला. मग आयर्न रिमूव्हर. ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात, रसायन त्यांना लागलं की जांभळे ओघळ येतात. गिऱ्हाईक जवळ उभं असेल तर हा भाग त्याला हमखास आवडतो. वास मात्र कुजक्या अंड्यांसारखा येतो, तो नाही आवडत.

चुन्याच्या खपल्यांना क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, लावायची चूक बरेच जण करतात. क्लेने खपली तुटते आणि तिचाच कण क्लेत अडकून पुढे चरा ओढत जातो. आधी आम्ल. मी पाण्याचे डाग काढायचं सौम्य आम्लाचं द्रावण वापरतो. ते नसेल तर पातळ केलेलं पांढरं व्हिनेगरही चालतं. पत्रा थंड हवा, सावली हवी. टिशू भिजवून डागावर मिनिटभर ठेवायचा, बारीक फसफस होते, धुवायचं, पुन्हा ठेवायचा. घासायचं नाही. टपावर असं चार वेळा करावं लागलं. उजव्या मागच्या फेंडरवर काम जास्त जपून करावं लागलं, कारण टीटीचं पेट्रोलच्या टाकीचं ते गोल चकचकीत झाकण तिथेच आहे. ॲल्युमिनियमला आम्लही चालत नाही आणि अल्कही. झाकणावर टेप लावून, वर प्लॅस्टिक चिकटवून, एका वेळी एकच डाग घेतला. खपल्या गेल्या. खाली खड्ड्यांची वर्तुळं उरली, तिरक्या उजेडात दिसणारी.

मग गेज. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या रंगाची एकूण जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनमध्ये असते, त्यात क्लिअर चाळीस-पन्नास. टपावर ११८ ते १२६ आलं. दरवाजांवर ११० ते १२०. बॉनेटवर २३५ ते २६०. म्हणजे बॉनेट खरोखरच एकदा रंगवलेलं होतं! शेजारच्यांचा निष्कर्ष बॉनेटपुरता अर्धा बरोबर निघाला, पुरावा मात्र साफ चूक. पुट्टी भरलेली असती तर आकडा बहुधा याच्या कितीतरी वर गेला असता. दगडांचे टवके उडाले म्हणून कोणीतरी नुसतं रंगवून घेतलेलं दिसत होतं. मी हे मालकांना आकड्यांसकट कळवलं. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही.

आणि उजव्या मागच्या फेंडरवर, चाकाच्या वरच्या फुगवट्यावर, ८४.

आजूबाजूला ११५ आणि मध्येच हातभर पट्ट्यात ८४. कधीतरी कोणीतरी तिथे रोटरी मशीनने रबिंग मारलेलं होतं. फुगवट्यावर पॅडचा सगळा भार एकाच जागी येतो, आणि घासणाऱ्याला ते कळत नाही. त्याच पट्ट्यात एक सहा इंची चरा होता, नख अडकेल इतका खोल, आणि चुन्याने खाल्लेली तीन वर्तुळं. गेज एकूण जाडी सांगतं, त्यातलं क्लिअर किती उरलं हे सांगत नाही. पण तीस मायक्रॉन गेले असतील तर ते वरूनच गेले आहेत, एवढा हिशोब करायला यंत्र लागत नाही.

मंगळवारी मशीन. आधी डाव्या दरवाजावर हातभर चौकोन टेपने आखून चाचणी घेतली. नियम असा की सगळ्यात हलक्या जोडीपासून सुरुवात करायची. मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश, दोन फेऱ्या, काहीच फरक नाही. मध्यम फोम आणि मध्यम पॉलिश, निम्मी जाळी गेली. मायक्रोफायबर पॅड आणि कटिंग कंपाउंड, जवळजवळ सगळं गेलं, पण मागे धुरकटपणा राहिला. तो मऊ फोमने काढला. या गाड्यांचं मूळ क्लिअर कडक असतं, याचा अनुभव जुना आहे. प्रत्येक टप्प्यानंतर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघायचं. नाहीतर पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसतं आणि तुम्ही स्वतःलाच फसवता. वॉशिंग सेंटरचं दोन हजारांचं "रबिंग-पॉलिश" पहिल्या पावसात उतरतं ते बऱ्याच वेळा याच कारणाने: चरे गेलेले नसतात, झाकलेले असतात.

बॉनेटची गोष्ट उलटी. ते गॅरेजमधल्या रंगाचं, क्लिअर मऊ. दरवाजावर चाललेली जोडी तिथे लावली आणि पहिल्याच फेरीत पॅड चिकटल्यासारखं झालं, पृष्ठभाग ढगाळला. थांबलो. मध्यम फोम, कमी वेग, हलका हात, आणि दोन फेऱ्यांत काम झालं. एकाच गाडीवर दोन वेगवेगळे रंग असल्यासारखं वागावं लागतं, आणि "ऑडी म्हणजे अमुक पॅड" असली कोष्टकं मी म्हणूनच बाजूला ठेवतो.

फेंडरवरच्या त्या ८४च्या पट्ट्यावर मशीन लावलं नाही. हाताने, फिनिशिंग पॉलिशने, दोनदा पुसलं. जाळी थोडी विरली. चरा तसाच, वर्तुळं थोडी पुसट.

संध्याकाळी मालक बघायला आले, सगळ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नेमके तिथेच थांबले.

"अहो, एवढे पैसे घेताय आणि चरा ठेवताय?"

"साहेब, हा चरा आहे, तो गाडीच्या दोन फूट जवळ गेल्यावर दिसतो. क्लिअर फुटलं तर पांढुरका डाग दिसेल, तो रस्त्याच्या पलीकडून दिसेल. मग अख्खा फेंडर रंगवावा लागेल, आणि काळ्या पर्लचा, म्हणजे मोत्यासारखी झाक असलेला, रंग जुळवणं तुम्ही बॉनेटवर बघताच आहात."

बॉनेटकडे त्यांनी तोवर त्या नजरेने बघितलं नव्हतं. उन्हात बॉनेटची झाक फेंडरपेक्षा किंचित निळसर होती. आता त्यांना ती कायम दिसणार. हे बोलायला नको होतं असं मला नंतर वाटलं.

मागच्या काचेवरचे डाग पॉलिशने गेले नाहीत. काच रंगापेक्षा कठीण असते, तिला सेरियम ऑक्साइड आणि फेल्टचं पॅड लागतं. पाऊण तास, सतत पाणी मारत, काच तापू न देता. नव्वद टक्के गेले.

आतलं काम मी एका दिवसाचं धरलं होतं, त्याला तीन लागले आणि त्यात चूक माझी होती. गाडीत दमट, गोणपाटासारखा वास होता. सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर पट्ट्यावर बुरशीचे करडे ठिपके दिसले. पावसाळ्यात बंद राहिलेल्या पुण्यातल्या गाडीत हे असतंच, एसीचा इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा थंड करणारी आतली जाळी, घाण झाला असेल, असं मी धरून चाललो. केबिन फिल्टर बदलला, इव्हॅपोरेटरला क्लीनर मारला, वास गेला. सकाळी दार उघडलं, वास हजर. तेव्हा कुठे डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघितलं. वरून कोरडं, खालचा स्पंज पाण्याने भरलेला. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं, दहा सेकंदांचं.

पाणी पुढच्या काचेखालच्या जाळीतून येत होतं. त्या पन्हळीच्या तोंडाशी रेन ट्रीची बारीक पानं कुजून बूच बसलं होतं. मालक कधीमधी ऑफिसला गाडी नेत तेव्हा ती त्या झाडाखाली उभी असे. पावसाचं पाणी साठून फिल्टरच्या खोक्याकडून आत झिरपत होतं. पानं काढली, नळी मोकळी केली, बाटलीभर पाणी ओतून ते चाकामागे पडतंय याची खात्री केली. मग बॅटरी सोडली आणि सीट काढली. हे सांगून ठेवतो: सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात. बॅटरी जोडलेली असताना सॉकेट काढलं आणि चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही. कार्पेट उचलून स्पंजाखाली लाकडी पट्ट्या सरकवल्या, एक ब्लोअर आणि हवेतला ओलावा ओढणारा एक डीह्युमिडिफायर दोन रात्री चालू ठेवला. दुसऱ्या सकाळी त्याच्या टाकीत सव्वादोन लिटर पाणी होतं. ते मी मालकांना मुद्दाम ठेवून दाखवलं.

सीट्सबद्दल थोडक्यात. बाजू लेदरच्या, मध्ये अल्कान्टारा. आजच्या गाड्यांच्या लेदरवर रंग आणि पॉलियुरेथेनचा थर असतो, त्यामुळे तेल "पाजून" ते आत जात नाही, वर बसून धूळ धरतं. मालकांनी मोठ्या प्रेमाने दर महिन्याला पाजलं होतं. पाण्यात मिसळायचा लेदर क्लीनर, मऊ ब्रश, पुसून घेणं, बस्स. चकाकणारी सीट मॅट झाल्यावर त्यांना ती जुनी वाटायला लागली. मुळात ती कारखान्यातून मॅटच येते, चकाकत होता तो घाम आणि तेल. अल्कान्टारा म्हणजे कातडं नव्हेच, पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं कापड. त्याला ओलसर मायक्रोफायबर आणि वाळल्यावर ब्रशने लव उभी करणं पुरतं. डॅशबोर्डवरचं टायर पॉलिशसारखं सिलिकॉन काढायला मात्र तास गेला. त्याची झळाळी पुढच्या काचेत उमटते आणि समोरून ऊन असेल तर रस्ता दिसत नाही, तरी वॉशिंग सेंटरवाले ते "फ्री" मारतात.

गाडी शनिवारी गेली. सोबत दोन बादल्या, एक हातमोजा, तीन मोठे टॉवेल दिले, बिलात धरून. धुतल्याशिवाय फडकं लावायचं नाही एवढं एकच सांगितलं. धूळ बसली तर बसू द्या. काळ्या गाडीवर धूळ दिसते, पण धुळीने रंग जात नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणीसाठी पुन्हा गेलो. टॉर्चखाली बॉनेट स्वच्छ, दरवाजावर हँडलजवळ नखांचे दोन-चार चरे, ते येणारच. कार्पेट कोरडं. ८४चा पट्टा अजून ८४. जागा मालकांनी शेजारच्यांशी बदलून घेतली होती, त्यांच्या जागेला खांबाची अडचण होती आणि ती त्यांना आपण होऊनच नको होती. छतातलं पाणी आता त्यांच्या पांढऱ्या गाडीवर पडतं. पांढऱ्या रंगावर ते दिसत नाही म्हणून ते निवांत होते, पण संध्याकाळी समोरून दिवे आले की पुढच्या काचेवर ठिपके उमटायला लागले आहेत. मी निघताना त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, काचेचं काम मी वेगळं करतो का. येत्या शनिवारी त्यांची गाडी येतेय.